लाडक्या बहिणींची चाळणी : मदत कोणाला द्यायची, हे ठरवणं इतकं अवघड का?

जून २०२५ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतल्या २६ लाखांहून अधिक लाभार्थींचे पैसे थांबवले गेले. त्याच सुमारास बातमी आली की १४ हजारांवर पुरुषांच्या नावानेही बहिणींचे पंधराशे रुपये जात होते. मग सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सुरू झालं. ओटीपी येईना, संकेतस्थळ उघडेना, सेतू केंद्रांवर रांगा. तेव्हापासून या विषयावर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतं, 'चोरांना हाकला, खऱ्या गरजूंनाच द्या.' दुसरं म्हणतं, 'दिलंय ते काढून घेताय, मते मिळाली म्हणून.'

दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्ही मतं धरून चालतात की 'खरी गरजू' कोण हे सरकारला नीट कळू शकतं, फक्त मनावर घ्यायला हवं. समाजकल्याणाच्या योजनांचा अभ्यास करणारे लोक पन्नासेक वर्षं नेमक्या याच गृहीतकावर भांडत आहेत. त्या भांडणात काय निष्पन्न झालं आहे, ते लाडकी बहीण योजना समोर ठेवून समजून घेऊ.

सरसकट की निवडक?

सरकारी मदत देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली सरसकट. शाळेतली खिचडी घ्या. सरकारी शाळेत पहिली ते आठवीत असलेल्या मुलाला ती मिळते, बापाचं उत्पन्न कोणी विचारत नाही. तामिळनाडूत रेशनचा तांदूळ असाच आहे. तिथे रेशन दुकानाचं दार आजही जवळपास सगळ्यांना उघडं आहे.

दुसरी तऱ्हा निवडक. आधी गरज सिद्ध करा, मग मदत. संजय गांधी निराधार योजना या प्रकारातली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा, तलाठी-तहसीलदारांचा फेरा हवा, समितीची मंजुरी हवी.

लाडकी बहीण कागदावर निवडक आहे. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, घरात कोणी आयकर भरणारं किंवा सरकारी नोकरीत नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, एका कुटुंबातून जास्तीत जास्त दोघी. प्रत्यक्षात मात्र ती सरसकटच्या फार जवळ गेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी राज्यात महिला मतदार सुमारे ४ कोटी ७० लाख होत्या आणि योजनेच्या लाभार्थी २ कोटी ४० लाखांच्या आसपास. मतदारयादीतून एकवीसच्या आतल्या आणि पासष्टच्या पुढच्या वजा केल्या, तर निम्म्याहून बऱ्याच जास्त बायकांपर्यंत ती पोहोचली होती. दार उघडं ठेवून 'प्रवेश निवडकांनाच' अशी पाटी लावायची आणि वर्षभराने पाटीवर बोट ठेवून लोकांना बाहेर काढायचं, असा हा प्रकार झाला. आजचा गोंधळ तिथून सुरू होतो.

चाळणीची भोकं

निवडक योजनेत दोन प्रकारच्या चुका होतात. नको ते आत येतात, ही एक. हवे ते बाहेर राहतात, ही दुसरी. अभ्यासक पहिलीला समावेशाची चूक म्हणतात, दुसरीला वगळणुकीची.

गहू चाळताना हेच होतं. चाळणीची भोकं मोठी असली की गव्हाबरोबर बारीक खडेही खाली पडतात. म्हणून बारीक भोकांची चाळणी घेतली तर खडे वर अडकतात खरे, पण टपोरे दाणेही त्यांच्यासोबत अडकतात आणि खड्यांबरोबर फेकले जातात. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी चाळणी मिळत नाही. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. माहिती जितकी कच्ची, तितकी ही ओढाताण जास्त.

राजकारणात मात्र या दोन चुकांना सारखं वजन नसतं. पुरुषाने बहिणीचे पैसे घेतले ही पहिल्या पानाची बातमी होते. नवरा वारला, त्याच्या आधारला जोडलेला मोबाइल बंद पडला आणि म्हणून जिचं केवायसी अडलं, ती बातमी होत नाही. झालीच तर आतल्या पानावर, जिल्हा आवृत्तीत. सरकार 'इतके अपात्र शोधले' असा आकडा अभिमानाने जाहीर करतं. 'इतक्या पात्र बायका आमच्याकडून चुकून सुटल्या' असा आकडा कोणत्याच पक्षाच्या सरकारने जाहीर केलेला मी वाचलेला नाही. ज्याचा आकडाच निघत नाही, ती चूक कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

उत्पन्न मोजायचं कशाने?

सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, म्हणून जरा थांबू.

पगारदार माणसाचं उत्पन्न सरकारला कळतं. कंपनी सांगते, आयकर खातं नोंदवतं. पण ऊसतोड मजूर, धुणीभांडी करणारी बाई, भाजीची हातगाडी, दोन एकर कोरडवाहू आणि अधूनमधून गवंड्याच्या हाताखाली काम, यांचं वर्षाचं उत्पन्न किती? त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. पाऊस कसा झाला, कांद्याला काय भाव मिळाला, आजारपण किती निघालं यावर ते ठरतं. उत्पन्नाचा दाखला ही अशा वेळी मोजणी नसते, सगळ्यांनी मिळून मान्य केलेला एक आकडा असतो. कोणत्या योजनेसाठी किती आकडा 'बसतो', हे तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एजंटाला पाठ असतं.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्या राज्यात पिवळं रेशनकार्ड मिळायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या आत हवं. निराधार योजनेला २१ हजार. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य यादीसाठी खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. केशरी कार्डाला एक लाख. लाडक्या बहिणीला अडीच लाख. एकाच राज्यात, एकाच वेळी, गरिबीची सहा मापं! पिवळ्या कार्डाची मर्यादा नव्वदच्या दशकातली आहे. लाडक्या बहिणीचे पंधराशे वर्षाला १८ हजार होतात. म्हणजे कागदोपत्री बघायचं तर पिवळ्या कार्डाच्या घरातल्या एका बाईला हे पैसे मिळाले की तेवढ्यानेच ते घर पिवळ्या कार्डाच्या मर्यादेबाहेर जातं. कोणी तसं मोजत नाही, हे बरंच आहे.

उत्पन्न मोजता येत नाही म्हणून सरकारं खुणा शोधतात. घर पक्कं आहे का, गाडी आहे का, जमीन किती, कार्ड कोणत्या रंगाचं. जगभर हीच पद्धत आहे. अशा खुणांना गुण देऊन गरिबीचा अंदाज बांधतात. लाडकी बहीण योजनेत पिवळं किंवा केशरी कार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, ही तीच युक्ती. पण खूण म्हणजे गरिबी नव्हे. टॅक्सी म्हणून चालवायला कर्जावर घेतलेली जुनी गाडी आणि हौसेने घेतलेली नवी गाडी, दोन्ही 'चारचाकी'च.

शिवाय रेघ कुठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच माणसं असतात. २ लाख ४९ हजारांच्या घरातल्या बाईला वर्षाला १८ हजार मिळतात आणि २ लाख ५१ हजारांच्या घरातल्या बाईला शून्य. दुसरीने दोन हजार रुपये जास्त कमावले आणि त्यापायी सोळा हजारांनी मागे पडली. रेघेजवळचा माणूस मग उत्पन्न लपवायला शिकतो. त्याला लबाड म्हणण्याआधी ही वजाबाकी एकदा करून बघावी.

तपासणीचं बिल कोणाच्या नावावर?

'तपासणी कडक करा' म्हणणाऱ्यांच्या मनात असतं की खर्च सरकारचा होईल. सरकारचा होतोच. पण मोठा वाटा अर्जदाराच्या माथी जातो. रोजगार बुडतो, एसटीचं तिकीट लागतं, झेरॉक्स लागतात, केंद्रावाल्याला वीस-पन्नास द्यावे लागतात आणि तरी पुन्हा यावं लागतं. ज्याला जास्त गरज, त्याला ही पायपीट जास्त जड. त्यामुळे कडक तपासणीत गळतात ते नेहमी अपात्रच असतात असं नाही. थकलेले, अडाणी, एकटे, म्हातारे आधी गळतात.

लाडक्या बहिणीचं ई-केवायसी हे याचं ताजं उदाहरण. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं म्हणून लाभार्थीबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. हेतू चुकीचा नव्हता. पण विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, वडील हयात नसलेल्या बायकांनी करायचं काय? योजनेची सगळ्यात जास्त गरज ज्यांना, त्याच नेमक्या या खिडकीत अडकल्या. ओरड झाल्यावर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि अशा बायकांसाठी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र वगैरे देण्याची सोय केली. टाकून दिलेल्या बाईकडे घटस्फोटाचा कागद असतोच असं नाही. बहुतेकींकडे नसतो.

झारखंडमध्ये रेशनसाठी अंगठा सक्तीचा झाला तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा रीतसर प्रयोग करून अभ्यास केला. काही भागांत आधी यंत्रं, काही भागांत नंतर, आणि मग तुलना. नुसत्या अंगठ्याने चोरी फारशी हटली नाही, पण ज्यांचं कार्ड आधारला जोडलेलं नव्हतं त्यांच्या पदरात पडणारं धान्य साधारण दहा टक्क्यांनी घटलं. पुढे यंत्रातल्या नोंदी बघून दुकानांचा कोटा कापायला सुरुवात झाली तेव्हा गळती कमी झाली, आणि त्याबरोबर खऱ्या कार्डधारकांचंही धान्य कमी झालं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही समजू नका. ब्रिटनमध्ये पेन्शनरांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला दोनशे-तीनशे पौंड सरसकट मिळत. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ते फक्त गरीब पेन्शनरांपुरते ठेवले. गरीब कोण? ज्यांना 'पेन्शन क्रेडिट' नावाची पूरक मदत मिळते ते. सुमारे एक कोटी लोक बाहेर पडले. त्यांत श्रीमंत होतेच, पण त्या पूरक मदतीला पात्र असूनही कधी अर्ज न केलेले लाखो म्हातारेही होते. लाजेने, अर्ज लांबलचक म्हणून, किंवा माहीतच नसल्याने. संगणक, साक्षरता, कागदपत्रं सगळं असलेल्या देशात ही गत. पुढच्या वर्षी, जून २०२५ मध्ये, सरकारने माघार घेतली आणि उलटा रस्ता धरला : पेन्शनरांना पैसे द्यायचे आणि ज्यांचं उत्पन्न वर्षाला ३५ हजार पौंडांहून जास्त, त्यांच्याकडून करातून परत घ्यायचे.

'पण श्रीमंतांना कशाला द्यायचं?'

प्रश्न रास्त आहे. त्याला एक साधं आणि एक गुंतागुंतीचं उत्तर आहे.

साधं उत्तर ब्रिटनच्या माघारीतच आलं. श्रीमंत माणूस सरकारच्या नजरेत आधीच असतो. त्याचा आयकर आहे, घरपट्टी आहे, पॅन आहे. देताना अडवण्यापेक्षा घेताना वसूल करणं त्याच्याबाबतीत सोपं. गरिबाचं उलट आहे. त्याचा कागद कुठेच नाही, म्हणून त्याच्याकडून पुरावा मागणं महाग पडतं. श्रीमंत शोधणं सोपं आणि गरीब शोधणं कठीण, तर शोधाशोध सोप्या टोकाकडून करावी.

गुंतागुंतीचं उत्तर राजकारणातलं आहे. १९९८ मध्ये वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी श्रीमंत देशांची तुलना करून एक चक्रावणारा निष्कर्ष काढला : जे देश मदत फक्त गरिबांवर केंद्रित करतात, तिथे विषमता कमी होण्याऐवजी जास्त राहते, आणि जे मध्यमवर्गालाही योजनेत सामावून घेतात, तिथे ती जास्त घटते. कारण काय? मध्यमवर्गाला स्वतःला काही मिळत असेल तर तो योजनेसाठी कर द्यायला तयार होतो, तिची प्रत घसरली तर बोंब मारतो. फक्त गरिबांची योजना असली की तिला वाली उरत नाही आणि ती हळूहळू सुकते.

आपल्याकडचा पुरावा बघा. राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला महिना २०० रुपये आहे. तो २००७ पासून जिथे होता तिथेच आहे. या काळात वेतन आयोग येऊन गेला, सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत राहिला. भत्त्यासाठी संघटना आहे; दोनशे रुपयांसाठी कोण मोर्चा काढणार?

रेशनचंही तेच. १९९७ पर्यंत रेशन सरसकट होतं. मग दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी फाळणी झाली. वरच्यांचा दर वाढवला, ते दुकानात यायचे थांबले. ज्यांच्या तोंडाला दुकानदार घाबरायचा तेच गेले. पुढे देशातल्या गळतीचे आकडे निघाले तेव्हा बिहारमध्ये २००४-०५ साली रेशनचं जवळजवळ नव्वद टक्के धान्य लाभार्थींपर्यंत पोहोचतच नव्हतं. काही वर्षांत तिथेच गळती चौथ्या हिश्श्याच्या आसपास आली. त्यात संगणकीकरण होतं, वाहतुकीतली सुधारणा होती, पण आणखी एक गोष्ट होती : जास्त घरांना कार्ड मिळालं, दर आणि कोटा सगळ्यांना पाठ झाला.

आता दुसरी बाजू. कोर्पी-पाल्मे यांच्या निष्कर्षावर नंतरच्या संशोधकांनी बरंच बोट ठेवलं. जास्त देश आणि अलीकडची वर्षं घेतली की संबंध बराच फिका होतो. मला स्वतःला त्यातली राजकीय बाजू, म्हणजे वाली असण्याची, पटते. नेमका आकडेवारीचा संबंध किती घट्ट, यावर पैज लावणार नाही.

'सगळ्यांना द्यायला पैसा कुठे आहे?'

सरसकटवाल्यांची ही सगळ्यात दुखरी जागा.

हिशेब करू. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. २ कोटी ४० लाख बायका म्हणजे ४३ हजार कोटींच्या वर. २०२५-२६ मधलं राज्याचं एकूण अंदाजपत्रक साधारण ७ लाख कोटींचं, त्यात या योजनेला ठेवले ३६ हजार कोटी. आधीच्या वर्षी ४६ हजार कोटींची घोषणा होती. तरतूद आधी कापली आणि मग यादी छोटी होत गेली, एवढी साधी संगती लक्षात ठेवली तरी पुष्कळ कळतं. निवडणुकीत २,१०० रुपयांचं आश्वासन होतं. त्याच संख्येने गुणलं तर खर्च ६० हजार कोटींच्या पलीकडे जातो.

देशपातळीवर २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत सर्वांना मूळ उत्पन्न देण्याची कल्पना गंभीरपणे मांडली गेली होती. माणशी वर्षाला ७,६२० रुपये, तेही लोकसंख्येच्या तीन चतुर्थांश हिश्श्याला, तरी खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ४.९ टक्के. इतका पैसा काढायचा तर दुसरं बरंच काही बंद करावं लागतं. आणि ते दुसरं म्हणजे रेशन असेल तर गरिबाचं नुकसानच होऊ शकतं.

इंडोनेशिया आणि पेरूच्या आकडेवारीवर झालेला एक अभ्यास इथे विचारात घ्यायला हवा. चाळणी सदोष असली तरी, ठरावीक रक्कम थोड्यांत वाटली तर गरिबाच्या हातात बरीच मोठी रक्कम पडते. सगळ्यांत वाटली तर दहा दिशांना पांगते. त्यामुळे चुका धरूनही निवडक पद्धत सरस ठरू शकते, असं तो सांगतो. ही आकडेमोड खरी आहे. तिच्यात गृहीत धरलंय ते एवढंच की वाटायची रक्कम ठरलेली आहे, कमी-जास्त होत नाही. दोनशे रुपयांच्या पेन्शनची गोष्ट सांगते की निवडक केल्यावर रक्कमच आटते. भांडण नेमकं इथे अडकलेलं आहे, आणि दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी प्रामाणिक आहेत.

आपल्याच मातीतली तिसरी वाट

महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी या कोंडीतून एक वेगळी वाट काढली होती, हे आपण विसरत चाललो आहोत.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. त्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर लाखो बायाबापड्या होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात ही संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली होती. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि त्याच कल्पनेवर २००५ चा देशाचा कायदा उभा राहिला.

त्याचं ब्रीद होतं 'मागेल त्याला काम'. यात दाखला नव्हता, समिती नव्हती, कार्डाचा रंग नव्हता. उन्हात माती वाहायची, मजुरी बेताची. जमीनदार काही तिथे येणार नाही. गरजू माणूस स्वतःच स्वतःला निवडतो. अभ्यासक याला स्वयंनिवड म्हणतात, आणि जगभरच्या चर्चेत महाराष्ट्राचं नाव आजही आदराने घेतलं जातं ते यामुळे.

पैशाची तजवीजही तेव्हा सोबतच केली. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, तोच हा. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या मजुराची हमी उभी करायची, आणि त्यात तेवढीच भर सरकारने घालायची, अशी ती मांडणी होती. कर कशासाठी कापला जातो हे आज पावती बघणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, शंका आहे. पण नवी योजना आणताना तिचा कर सोबत आणण्याची हिंमत त्या पिढीने दाखवली, एवढं खरं.

मर्यादाही होत्या. मजुरी वेळेवर न मिळणं, खोटी हजेरीपत्रकं, कामं अर्धवट. आणि मुळातला दोष हा की जो राबू शकत नाही त्याला यात जागा नाही. सत्तरीची आजी, अपंग, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेल्याची काळजी घेणारी सून यांच्यासाठी दुसरंच काहीतरी लागतं.

'फुकटचं मिळालं की लोक आळशी होतात'

यावर थोडक्यात, कारण पुरावा बऱ्यापैकी एका बाजूला झुकलेला आहे. होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स या सहा देशांतल्या रोख मदतीच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला. मदत मिळाल्याने लोकांनी काम कमी केलं असं त्यात दिसलं नाही. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, हे वेगळं तपासलं गेलं. तोही वाढलेला आढळला नाही. पंधराशे रुपयांत महिना निघत नाही, हे पंधराशे मिळवणाऱ्या बाईला पक्कं माहीत असतं. शेतकरी तक्रार करतात की मजूर मिळत नाहीत; तशी तक्रार ते रोजगार हमीच्या काळातही करत होते. काही बायका पडेल त्या मजुरीला 'नाही' म्हणू शकत असतील, तर त्याला आळस म्हणायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

'ही तर निवडणुकीची रेवडी'

वेळापत्रक बघितलं तर नाकारण्यात अर्थ नाही. योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पाच एकर जमिनीची अट गेली, वयाची मर्यादा साठवरून पासष्टवर गेली, अर्जाची मुदत वाढली. नोव्हेंबरात मतदान. नंतर छाननी. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये 'लाडली बहना', कर्नाटकात 'गृहलक्ष्मी', त्याआधी २०२१ मध्ये पश्चिम बंगालात 'लक्ष्मीर भांडार' : वेगवेगळ्या पक्षांनी हाच रस्ता धरला आहे.

पण मतांसाठी आलेली योजना वाईटच असते, हे त्यातून सिद्ध होत नाही. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये शाळेतल्या जेवणाचा विस्तार केला, तेव्हाही लोकानुनयाची टीका झाली होती. आज ती योजना देशभर आहे. तपासायचं ते असं : सत्ता बदलली तरी ती टिकेल का, तिची रक्कम महागाईबरोबर वाढेल का, आणि नाव कमी झालं तर बाईला दाद मागायला जागा आहे का? लाडकी बहीण आज शासन निर्णयावर चालते. रोजगार हमीच्या मागे कायदा होता. शासन निर्णय एका दुपारी बदलता येतो. कायदा बदलायचा तर निदान विधिमंडळात चर्चा तरी करावी लागते.

मग आता काय करता येईल?

जवळपास अडीच कोटी बायकांच्या घरांचं उत्पन्न मोजायचा हट्ट सोडून, जे सहज दिसतं तेवढंच वगळावं असं माझं मत आहे. आयकर भरणारे, सरकारी नोकर, पेन्शनर यांच्या याद्या सरकारच्याच संगणकात आहेत. त्या जुळवायला एकाही बाईला रांगेत उभं करावं लागत नाही. पुरुषांची नावंही आधारवरच्या लिंगाच्या नोंदीवरून पहिल्याच दिवशी पकडता आली असती. त्यासाठी लाखो बायकांच्या नवऱ्यांचे ओटीपी लागत नव्हते.

उरलेल्यांच्या बाबतीत नाव आधी कापून मग पुरावा मागायचा, की पैसे चालू ठेवून चौकशी करायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. आज पहिला क्रम चालतो. दुसऱ्या क्रमात काही अपात्र बायकांना तीन-चार महिने जास्त पैसे जातील. पहिल्यात काही पात्र बायकांचं दुकानातलं उधार तीन-चार महिने थकेल.

आणि निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा. कुटुंबाने वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांत भागवायचं, तरच घरातली विधवा निराधार ठरते. शेजारच्या योजनेत अडीच लाखांपर्यंत चालतं. दोन्हींत हातात येणारी रक्कम सारखीच, पंधराशे. निराधारचे पैसे मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत. त्यामुळे दाखल्याची कसरत करून 'निराधार' ठरलेली विधवा आणि रेशनकार्ड दाखवून 'लाडकी' ठरलेली तिची धडधाकट शेजारीण, दोघींच्या पासबुकात एकच आकडा दिसतो. अंगणवाडी सेविका फॉर्म भरून घेत होत्या तेव्हा गावोगावच्या बायकांनी हे बरोबर ओळखलं होतं, आणि निराधारचं नाव कमी करून लाडकीत घालता येईल का, असं विचारायला त्या कमी करत नव्हत्या.